बाणाच्या उजवीकडे काय लिहायचं राहून गेलं? रसायनशास्त्राच्या वर्गात हरित विचार कसा शिकवावा

चंचुपात्र (धागाकर्ती)

मागच्या सत्रात डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराचं टायट्रेशन आटोपल्यावर एक विद्यार्थिनी ब्युरेटमधलं, म्हणजे मोजमापाच्या उभ्या नळीतलं, उरलेलं नारिंगी द्रावण बीकरमध्ये घेऊन बेसिनपाशी थांबली आणि तिने विचारलं, “मॅडम, हे कुठे ओतू?”

अर्ध्या तासापूर्वी मीच फळ्यावर क्रोमियमच्या ऑक्सिडेशन अवस्था लिहिल्या होत्या. अधिक सहा ही अवस्था कर्करोगकारक आहे, हेही सांगितलं होतं. पण उरलेल्या द्रावणाचं काय करायचं, हे ना प्रयोगाच्या कृतीत होतं, ना माझ्या बोलण्यात. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच, आणि ही गोष्ट मला जास्त लागली. बाकीच्यांना तो पडला नाही, कारण प्रश्न पडावा असं आम्ही काही शिकवलेलंच नव्हतं.

हरित रसायनशास्त्र, म्हणजे कचरा आणि घातक पदार्थ मुळातच कमी करणारं रसायनशास्त्र, अभ्यासक्रमात नाही असं नाही. शेवटच्या घटकात असतं. पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेली बारा तत्त्वं, एक-दोन उदाहरणं, एक टीप. मुलं पाठ करतात आणि लिहितात. त्याआधीच्या सगळ्या घटकांत मात्र आपण नेमकं उलटं वळण लावलेलं असतं. सेंद्रिय रसायनशास्त्रात आपण समीकरण कसं लिहितो ते आठवून बघा. डावीकडे सुरुवातीचा पदार्थ, बाणावर अभिकारक, उजवीकडे हवा तो पदार्थ. बाणावर जे लिहिलं ते जणू हवेतून आलं आणि हवेतच गेलं. समीकरण संतुलित करा असा धोशा पहिल्या वर्षी लावणारे आपणच दुसऱ्या वर्षी ती सवय मोडतो.

मी आता एकच गोष्ट सुरू केली आहे. बाणावरचं सगळं खाली उतरवायचं आणि समीकरण पुरतं लिहायचं. १-फिनाइलइथेनॉलपासून ॲसिटोफिनोन करायचं आहे. क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल वापरलं तर अल्कोहोलच्या ३ रेणूंमागे २ रेणू क्रोमियम ट्रायऑक्साइड आणि ३ रेणू आम्ल लागतं. डावीकडच्या सगळ्या वस्तुमानाची बेरीज करून त्यातलं किती ॲसिटोफिनोनमध्ये आलं ते काढलं, तर उत्तर येतं सुमारे ४२ टक्के. बाकीचं क्रोमियम सल्फेट आणि पाणी. हेच ऑक्सिडेशन उत्प्रेरक आणि ऑक्सिजन वापरून केलं तर ८७ टक्के, आणि उपपदार्थ फक्त पाणी. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेली ॲटम इकॉनॉमी ती हीच. यील्ड, म्हणजे अपेक्षित पदार्थापैकी हाती आलेला वाटा, ९५ टक्के मिळाली म्हणून खूश होणाऱ्या मुलांना हा ४२ चा आकडा स्वतःच्या हाताने काढायला लावला, तेव्हा वर्गात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते.

माझं म्हणणं असं की हा वेगळा घटक असूच नये. प्रत्येक प्रयोगात तो असावा. तुम्ही काय करता, काय करून पाहिलं, काय फसलं, ते सविस्तर लिहा.

परीक्षानळी

मी शेवटच्या वर्षाला आहे. बारा तत्त्वं क्रमाने सांगू शकतो, पण ती आम्ही केलेल्या एकाही प्रयोगाला लावून बघा असं कोणी सांगितलं नाही.

एक उदाहरण देतो. बेंझोइन कंडेन्सेशन आम्ही थायमिन हायड्रोक्लोराइड (थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१) वापरून केलं. पुस्तकात सायनाइड होतं, बाटलीवर थायमिन. जर्नलमध्ये अभिकारक म्हणून थायमिन लिहिलं आणि सही घेतली. का बदललं, हे सायनाइड विषारी असतं एवढ्यावरच संपलं. नंतर मी स्वतः वाचलं तेव्हा कळलं की थायमिनमधलं थायाझोलियमचं कडं सायनाइडचंच काम करतं, आणि ही यंत्रणा रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये दाखवली होती. आपल्या पेशींत पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतो तिथेही हेच जीवनसत्त्व ब-१ असंच काम करतं. म्हणजे एका प्रयोगात अभिक्रियेची यंत्रणा, जीवरसायनशास्त्र आणि सुरक्षितता तिन्ही होतं. आम्हाला फक्त पांढरे स्फटिक दिसले.

लिटमस

चंचुपात्र, तळमळ पोचली. पण मी तीस वर्षं शिकवतो आहे आणि काही शंका मोकळेपणाने मांडतो. राग मानू नका.

पहिली शंका वेळेची. मुलांना अजून मोल संकल्पना नीट येत नाही, पिपेटवरची खूण डोळ्यांच्या रेषेत धरून वाचता येत नाही. त्यात आणखी एक ओझं.

दुसरी शंका मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘हरित’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. मायक्रोवेव्ह वापरला की हरित, पाण्यात केलं की हरित, द्रावकाशिवाय घोटलं की हरित. अभिक्रिया पाण्यात केली आणि नंतर पदार्थ बाहेर काढायला तीन वेळा इथाइल ॲसिटेटने एक्स्ट्रॅक्शन केलं, तर द्रावक वाचला कुठे? उलट आता पाणीही दूषित झालं. आयनिक द्रवांचं, म्हणजे द्रवरूप क्षारांचं, कौतुक आठवा. बाष्प होत नाहीत म्हणून ते हरित ठरवले गेले. मग लक्षात आलं की त्यातल्या हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचं पाण्याशी विघटन होऊन हायड्रोजन फ्लुओराइड सुटू शकतो, आणि बरेच आयनिक द्रव जलचरांना विषारी आहेत. मुलांच्या हातात आपण नवीन ठप्पा देणार असू, तर जुनंच बरं होतं. निदान त्यात डायक्रोमेट विषारी आहे असं स्पष्ट म्हणत होतो.

तिवई

मी शिक्षक नाही. प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काम करतो, म्हणून दुसऱ्या टोकाचं सांगतो.

नव्याने आलेल्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात एक रिॲक्शन देतो आणि विचारतो, एक किलो मालामागे किती किलो कचरा निघेल? जवळजवळ सगळे यील्ड सांगतात. द्रावक मोजायचा असतो हे कोणाच्या डोक्यातच नसतं. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर १९९२ चा. कल्पना अगदी साधी आहे, एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. त्यांनी दाखवलेले आकडे सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. तेलशुद्धीकरणात ०.१ च्या आसपास, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांत १ ते ५, फाइन केमिकल्समध्ये ५ ते ५० आणि औषधनिर्मितीत २५ ते १०० किंवा त्याहून जास्त. आपण ज्याला सगळ्यात नाजूक, सगळ्यात बुद्धीचं रसायन मानतो, तिथेच किलोमागे सगळ्यात जास्त कचरा. आणि त्यातला मोठा वाटा द्रावकाचा.

आयबुप्रोफेनचं उदाहरण वर्गात घेत असाल तर पूर्ण घ्या. जुन्या मार्गाला सहा पायऱ्या होत्या आणि ॲटम इकॉनॉमी ४० टक्के. १९९० च्या दशकात आलेल्या मार्गात तीनच पायऱ्या आणि ७७ टक्के. उपपदार्थ म्हणून निघणारं ॲसेटिक आम्ल परत मिळवून वापरलं तर ९९ टक्क्यांपर्यंत. इथवर सगळे सांगतात. नव्या मार्गात हायड्रोजन फ्लुओराइड वापरतात हे बहुतेक जण सांगत नाहीत. तो पुन्हापुन्हा वापरला जातो, खर्ची पडत नाही, पण पदार्थ अत्यंत घातक. आता विद्यार्थ्याला विचारा, कोणता मार्ग निवडशील आणि का? लिटमस यांची ठप्प्याबद्दलची काळजी अगदी रास्त आहे. त्यावर मला दिसणारा उपाय हाच की उदाहरणातली अडचण लपवू नये.

आणखी एक. भोपाळचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय शिकवू नये असं माझं ठाम मत आहे. १९८४ मध्ये जो मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, तो विकायचा माल नव्हता. कार्बारिल हे कीटकनाशक बनवतानाचा तो मधला पदार्थ, आणि टाकीत टनांनी साठवलेला. त्याच कच्च्या मालांचा क्रम बदलला, म्हणजे १-नॅफ्थॉलची आधी फॉस्जीनशी आणि मग मिथाइलअमाइनशी अभिक्रिया केली, तर कार्बारिल मिळतं आणि मिथाइल आयसोसायनेट वाटेत तयारच होत नाही. फॉस्जीन मात्र दोन्ही मार्गांत आहेच. घातक पदार्थाला कुलूप लावण्याऐवजी तो मुळात साठवावाच लागू नये अशी रचना करायची, हा विचार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी भोपाळच्या आधीच मांडला होता. कागदावरच्या दोन बाणांचा क्रम किती मोलाचा असतो, हे यापेक्षा वेगळ्या कोणत्या उदाहरणाने सांगणार?

नरसाळं

तिवई, शेवटचा परिच्छेद वाचून थांबले. उद्या वर्गात वाचून दाखवते.

चंचुपात्र

लिटमस सर, राग कसला. तुमची दुसरी शंका माझीही आहे, आणि मला वाटतं तीच शिकवायची गोष्ट आहे. आम्ही या वर्षी काय केलं ते सांगते.

ॲसिटॅनिलाइडचं ब्रोमिनेशन, म्हणजे त्याच्या रेणूत ब्रोमीनचा एक अणू बसवणं. एकाच बॅचचे तीन गट केले. प्रत्यक्ष प्रयोग दोनच मार्गांचा, द्रव ब्रोमीनचा फक्त कागदावर.

पहिला मार्ग द्रव ब्रोमीन आणि ॲसेटिक आम्ल. ब्रोमीनच्या रेणूतला एक अणू पदार्थात जातो, दुसरा हायड्रोजन ब्रोमाइड होऊन बाहेर पडतो. ॲटम इकॉनॉमी सुमारे ७३ टक्के.

दुसरा मार्ग अनेक ठिकाणी ‘हरित पर्याय’ म्हणून करतात तो, पोटॅशियम ब्रोमाइड आणि सेरिक अमोनियम नायट्रेट, पाणी-इथेनॉलमध्ये. ब्रोमीनची बाटली उघडावी लागत नाही, धूर नाही. पण एका रेणूमागे सेरिक क्षाराचे दोन रेणू लागतात आणि त्याचं रेणुवस्तुमान ५४८. मुलांनी बेरीज केली आणि ॲटम इकॉनॉमी आली सुमारे १६ टक्के. त्यांनी तीनदा तपासलं, चूक सापडेना, कारण चूक नव्हतीच.

तिसरा मार्ग सोडियम ब्रोमाइड आणि सोडियम हायपोक्लोराइट, ॲसेटिक आम्लात. एक रेणू आम्ल धरून सुमारे ५७ टक्के. मागे उरतं मीठ, सोडियम ॲसिटेट आणि पाणी. पण हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र येतात म्हणून क्लोरीनची काळजी घ्यावी लागते. भर थेंबाथेंबाने, बर्फात, फ्युम हूडमध्ये (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात).

मग प्रश्न ठेवला, यातला हरित कोणता? दीड तास वाद चालला. एक गट म्हणाला, नवशिक्या हातांसाठी सेरिकच, कारण अपघात झाला तर तो आत्ता होईल आणि कचरा नंतर हाताळता येईल. दुसरा गट म्हणाला, त्या क्षारातलं सेरियम खाणीतून येतं, ते एकदा वापरून टाकायचं का? एकीने विचारलं की सेरियम परत ऑक्सिडाइज करून पुन्हा वापरता येईल का. मला त्या दीड तासात मोल संकल्पना, स्टॉइकिओमेट्री, ऑक्सिडेशन अवस्था आणि इलेक्ट्रोफिलिक प्रतिस्थापन या सगळ्याची उजळणी दिसली. म्हणून तुमच्या पहिल्या शंकेबद्दल एवढंच म्हणेन, सर, की ते ओझं मला वेगळं वाटलं नाही. मोल संकल्पना पक्की व्हायला मुलांना मनापासून बेरीज करावीशी वाटणारं काहीतरी हवं होतं.

गाळणकागद

पर्यावरण रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलबद्दल कोणी बोललं नाही अजून. सीओडी आठवा, म्हणजे पाण्यातल्या पदार्थांच्या ऑक्सिडेशनला किती ऑक्सिजन लागेल ते काढायची चाचणी. पाण्यातलं प्रदूषण मोजायला आपण पोटॅशियम डायक्रोमेट, संहत सल्फ्युरिक आम्ल, उत्प्रेरक म्हणून सिल्व्हर सल्फेट आणि क्लोराइडचा अडथळा टाळायला मर्क्युरिक सल्फेट घालतो. वीस मिलिलिटर नमुन्यासाठी क्रोमियम, चांदी आणि पारा, तिन्ही. प्रत्येक मुलाने वेगळा सेट लावला, वर प्रत्येकाचा ब्लँक (नमुना न घालता केलेली चाचणी) वेगळा, तर दिवसअखेर जमणारा कचरा मूळ नमुन्यापेक्षा कितीतरी घातक असतो.

प्रयोग बंद करा असं मी म्हणत नाही, पद्धत शिकायलाच हवी. पण ब्लँक पूर्ण बॅचमध्ये एकच ठेवता येतो. झाकणाच्या छोट्या नळ्यांमध्ये दोन-तीन मिलिलिटरवर करता येतो. आणि नळ्या परत गोळा करून वेगळ्या ठेवता येतात. आम्ही एवढं केलं तेव्हा मुलांनीच विचारलं, की मग पारा न वापरता क्लोराइडचं काय करता येईल? तो प्रश्न घेऊन दोघी जणी आता प्रकल्प करत आहेत.

मोजपात्र

मी प्रयोगशाळा सहायक आहे. इथे सगळे शिकवणारे दिसतात, पण बेसिनपाशी शेवटी मी उभा असतो, म्हणून लिहितो.

चंचुपात्र मॅडम, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं. डायक्रोमेट बेसिनमध्ये नाही. वेगळी बाटली, वर ‘क्रोमियम, आम्लयुक्त’ असं लेबल आणि तारीख. जमल्यावर आम्ही फ्युम हूडमध्ये आम्लयुक्त अवस्थेत, पीएच २ ते ३ ला, सोडियम बायसल्फाइट हळूहळू घालतो. नारिंगी जाऊन हिरवा रंग येतो, म्हणजे सहाचं तीन झालं. मग पीएच ८ ते ९ पर्यंत वाढवला की क्रोमियम हायड्रॉक्साइडचा अवक्षेप बसतो. फार वाढवायचा नाही, नाहीतर तो परत विरघळतो. गाळून घन भाग घातक कचऱ्यात द्यायचा. हे सगळं मी एकटा मागच्या खोलीत करत होतो. गेल्या वर्षी एका सरांनी मुलांच्या दोन तुकड्यांना ते बघायला बोलावलं. मुलं म्हणाली, हा तर रेडॉक्सचा प्रयोग आहे. आहेच. मग परीक्षेत का नाही?

लेबलांबद्दल कळकळीने सांगतो. ‘कचरा’ एवढंच लिहिलेली बाटली सगळ्यात धोकादायक. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय द्रावक एका बाटलीत कधीही नाही. हॅलोजन असलेला द्रावक वेगळा, नसलेला वेगळा. आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही.

दुसरं पाण्याचं. रिफ्लक्समध्ये उकळत्या द्रावणाची वाफ थंड करून परत खाली आणणाऱ्या कंडेन्सरचं पाणी कोणी मोजत नाही. मोजपात्र आणि घड्याळ घेऊन मुलांना मोजायला सांगा. मिनिटाला एक लिटर धरला तरी दोन तासांचे १२० लिटर. वीस जणांचे २४०० लिटर, स्वच्छ पाणी, फक्त थोडं कोमट होऊन नालीत. आम्ही एक टब, त्यात छोटा पंप आणि बर्फ अशी सोय केली. पाणी तेच फिरतं. वाफ वर चढत नाही ना एवढं बघत राहायचं.

लिटमस

मोजपात्र, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. आम्ही शिकवणारे ‘प्रयोग संपला’ म्हणतो, तिथून तुमचं काम सुरू होतं. हे कधीच मुलांसमोर आणलं नाही, ही माझी चूक आहे.

ब्रोमिनेशनचं उदाहरण पटलं. त्यात कोणालाच शंभर गुण मिळत नाहीत, आणि ते शिकवण्यासाठी उत्तम आहे. पण गाळणकागद यांच्या छोट्या नळ्यांसारखं टायट्रेशनही छोट्या मापावर करायचं म्हटलं, तर त्याबद्दल आक्षेप ठेवतो. २५ मिलिलिटरला दोन वाचनांतली मिळून ०.१ मिलिलिटरची चूक धरली तर ती ०.४ टक्के. २ मिलिलिटरच्या पिपेटला ब्युरेट बनवलं, ०.०२ ची चूक धरली, तर १ टक्का. पहिल्या वर्षाला चालेल. विश्लेषण शिकणाऱ्याने मोठी ब्युरेट हाताळलीच पाहिजे.

चंचुपात्र

मान्य. आणि हीच तुलना मुलांकडून करून घेता येईल, की किती अचूकता हवी आणि त्यासाठी किती द्रावण खर्च करणं योग्य आहे.

नरसाळं

मी शाळेत शिकवते. आमच्याकडे ॲटम इकॉनॉमी नाही, पण गोष्टी आहेत. मी क्लोरोफ्लुओरोकार्बनची सांगते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते शीतकरणासाठी शोधले गेले, तेव्हा वापरात असलेले अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड हे वायू माणसांना खरोखर घातक होते. नवे वायू पेटत नव्हते, विषारी नव्हते. त्या काळच्या मोजमापांनी ते उत्तमच होते. मग १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी दाखवलं की हाच टिकाऊपणा त्यांना स्थितांबरापर्यंत नेतो आणि तिथे सुटणारा क्लोरीन ओझोन तोडतो. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. मुलांना मी विचारते, की १९२८ मध्ये तुम्ही असतात तर कोणता प्रश्न विचारला असता? एका मुलाने सांगितलं, “ते शेवटी कुठे जातं?” चंचुपात्र यांच्या विद्यार्थिनीचाच प्रश्न.

अमोनियाच्या धड्यातही आपण ल शातलिए यांच्या समतोलाच्या तत्त्वापाशी थांबतो. दाब वाढवा, तापमान अमुक, लोहाचा उत्प्रेरक. हायड्रोजन कुठून आला? बहुतेक नैसर्गिक वायूतून, आणि त्यासोबत कार्बन डायऑक्साइड. एवढं एक वाक्य वाढवलं की मुलं पुढचं स्वतः विचारतात.

परीक्षानळी

तिवई सर, एक विचारू? द्रावक निवडताना ‘कमी घातक’ हे रेणू बघून कसं कळतं? आम्हाला याद्या दिल्या, कारण दिलं नाही.

तिवई

सगळं रेणू बघून कळत नाही, पण एक उदाहरण देतो. हेक्झेन आणि हेप्टेन. एका कार्बनचा फरक. हेक्झेनचं शरीरात ऑक्सिडेशन होऊन २,५-हेक्झेनडायओन बनतं. त्यातले दोन कार्बोनिल अशा अंतरावर असतात की मज्जातंतूंमधल्या प्रथिनांच्या अमाइन गटाशी जुळून पायरोलचं कडं तयार होतं, आणि हातापायांच्या नसा निकामी होऊ लागतात. हेप्टेनपासून अशा अंतरावर दोन कार्बोनिल असलेला रेणू फारच कमी बनतो. तुम्ही पायरोलचं पाल-नॉर संश्लेषण शिकला असाल, तीच अभिक्रिया. म्हणून शक्य तिथे हेप्टेन घेतात. उत्कलनबिंदू जास्त असल्याने बाष्पीभवनाला ऊर्जा थोडी जास्त लागते, तेही हिशेबात धरा.

परीक्षानळी

पाल-नॉर आम्ही मागच्याच महिन्यात केलं. हे कोणी बोललं नव्हतं. आभार.

लिटमस

पुढच्या अंतर्गत परीक्षेसाठी मी एक प्रश्न तयार केला आहे, सुधारणा सुचवा. “तुम्ही या सत्रात केलेला कोणताही एक प्रयोग निवडा. पूर्ण संतुलित समीकरण लिहा, ॲटम इकॉनॉमी काढा, आणि द्रावकासह उरलेला प्रत्येक पदार्थ कोणत्या बाटलीत टाकला ते लिहा. एक बदल सुचवा आणि त्या बदलाने काय बिघडू शकतं तेही लिहा.” तत्त्वांची यादी विचारणारा प्रश्न काढून टाकतो आहे.

मोजपात्र

सर, “कोणत्या बाटलीत” याचे गुण देताना मला बोलवा. बाटल्यांची यादी मी फळ्याशेजारी लावून ठेवतो.

चंचुपात्र

लिटमस सर, “काय बिघडू शकतं” ही ओळ मी तशीच उचलते आहे. सोमवारपासून आमच्या जर्नलमध्ये ‘निष्कर्ष’च्या खाली एक रिकामी ओळ छापून घेतली आहे: ‘उरलेलं कुठे गेलं’. पहिल्या बॅचची पानं तपासली की इथेच लिहीन, रिकामी राहिलेली किती तेही.